सुईऐवजी गोळी: नफा-नुकसानीचा हिशोब

शुगरच्या आजारासाठी सुई टोचून घेणाऱ्या आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांच्या तोंडी आजकाल एक प्रश्न असतो: "आता गोळी निघाली म्हणे, मग सुई बंद करायची का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरात चूक झाली तर जिवावर बेतते. म्हणून हा हिशोब नीट समजून घेतलेला बरा.

इन्शुलिन हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्याच जातीचे औषध. ५१ अमिनो आम्लांची ती माळ. ती गिळली की पोटाला डाळ-गोश्त आणि इन्शुलिन सारखेच. पाचक रस तिचे तुकडे करून टाकतात. त्यातूनही जे वाचते ते आकाराने मोठे असल्याने आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरत नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले, जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचले गेले. शंभर वर्षे उलटली तरी सुई सुटली नाही, ती यामुळेच.

प्रयत्नांत कसूर झाली नाही. फायझरने २००६ साली नाका-तोंडाची वेगळी वाट धरून श्वासाने ओढायचे इन्शुलिन बाजारात आणले. ग्राहक मिळेना, म्हणून २००७ मध्ये ते बंद केले आणि सुमारे २८० कोटी डॉलर तोट्यात लिहिले. बंगळूरच्या बायोकॉनची इन्शुलिनची गोळी २०११ साली मोठ्या चाचणीत कमी पडली. नोव्हो नॉर्डिस्कच्या गोळीने साखर उतरवली, पण त्यासाठी इन्शुलिन इतके लागे की धंद्याचे गणित बसेना. इस्रायलच्या ओरामेडची गोळीही जानेवारी २०२३ मध्ये अपयशी ठरली.

मग बाजारात आहे ती गोळी कोणती? ती इन्शुलिनची नव्हे, सेमाग्लुटाइड नावाच्या दुसऱ्या पेप्टाइडची. अमेरिकेत तिला सप्टेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, भारतात ती २०२२ मध्ये आली. या गोळीत औषधासोबत 'स्नॅक' नावाचा मदतनीस पदार्थ असतो. गोळी जठरात विरघळते तेव्हा तो तिच्याभोवतीचे आम्ल थोडा वेळ मंद करतो आणि औषधाला जठराच्या भिंतीतून पार करतो. तरीही शंभरातला जेमतेम एक भाग रक्तात पोहोचतो. रोज १४ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम औषध गिळायचे. सुईने मात्र आठवड्याला १ मिलिग्रॅमवर काम भागते. शंभर गाठी रवाना कराव्या आणि मुक्कामी एकच उतरावी, असा हा व्यवहार! पण माल पोहोचवण्याच्या या हुन्नराची किंमत पाहा: तो पदार्थ ज्या एमिस्फिअर कंपनीचा होता ती कंपनी आणि त्यावरची रॉयल्टी मिळून नोव्होने २०२० साली सुमारे १८० कोटी डॉलर मोजले.

गोळी घेण्याची शिस्तही कडक आहे. सकाळी अनशापोटी, अर्ध्या कपाहून अधिक पाणी नाही आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. हे पाळले नाही तर तो एक भागही वाया जातो.

मग हीच युक्ती इन्शुलिनला का चालत नाही? सेमाग्लुटाइड शरीरात आठवडाभर टिकते. आज थोडे कमी, उद्या थोडे जास्त पोहोचले तरी सरासरी जमते. इन्शुलिनचे माप मात्र त्या-त्या वेळेला अचूक लागते. जास्त झाले तर माणूस बेशुद्ध पडतो, कमी पडले तर साखर भडकते. तिथे उधारी चालत नाही.

आता तिसरी वाट निघाली आहे. पेप्टाइडच सोडून तेच काम करणारा छोटा रासायनिक रेणू घडवायचा. जपानच्या चुगाईने शोधलेले आणि एली लिलीने २०१८ साली हक्क घेतलेले ऑरफोर्ग्लिप्रॉन हे असेच औषध. त्याला अन्न-पाण्याचे बंधन नाही, आणि २०२५ मधील मोठ्या चाचण्यांत त्याने साखर व वजन दोन्ही उतरवले. पण तेही इन्शुलिन नव्हे.

तेव्हा बांधवांनो, गोळीचे नाव ऐकून स्वतःच्या मर्जीने सुई बंद करू नका. ज्याच्या शरीरात इन्शुलिन बनतच नाही, त्याने ते थांबवले तर काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. आपल्याला टोचले जाते ते इन्शुलिन की दुसरे औषध, हे आधी डॉक्टरांना विचारा. आणि 'इन्शुलिनची गोळी' म्हणून कोणी बाटली पुढे केली, तर नमुना न पाहता थान उचलत नाही तसा तिथूनही हात मागे घ्या.