खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यातल्या विश्रांतवाडी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला जातो, दोषारोपपत्र न्यायालयात जातं, प्रकरण मोठं असेल तर शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात उभं राहतं. पहिल्या दोन-तीन तारखा होतात न होतात तोच फिर्यादीच्या घरी सूर लागतो, 'समोरची पार्टी वजनदार आहे, कोर्ट बदलून घ्या.' तिकडे आरोपीचा जामीन फेटाळला गेलेला असतो. त्याचे नातेवाईक म्हणतात, 'या जज्जसमोर आपलं काही खरं नाही.' निःपक्षपाती सुनावणीसाठी खटला दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करायची सोय कायद्यात आहे आणि ती फार मोलाची आहे. म्हणूनच तिच्याविषयीच्या ऐकीव गोष्टी बाजूला सारायला हव्यात. चुकीच्या समजुतीवर केलेला अर्ज फेटाळला जातो आणि त्यात खरी भीतीही वाया जाते.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज असा, की न्यायाधीश समोरच्याला मिळालेले आहेत हे सिद्ध करावं लागतं. तसं नाही. गुरुचरणदास चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६० च्या दशकातच सांगितलं, की न्याय मिळणारच नाही हे अर्जदारानं सिद्ध करायची गरज नाही, वाजवी भीती पुरेशी आहे. मात्र ती वाजवी आहे की नाही हे न्यायालय ठरवणार. नुसती मनात शंका आली म्हणून भागत नाही. मेनका गांधींविरुद्ध राणी जेठमलानी यांनी मुंबईत बदनामीचा खटला भरला होता. तो मुंबईबाहेर न्यावा अशी मेनका गांधींची मागणी होती. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये ती नाकारली. एका पक्षाची गैरसोय किंवा हळवेपणा हे खटला हलवायचं कारण होऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

मग कशाकडे पाहतात? नाहरसिंग यादव प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही कसोट्या दिल्या. सरकारी यंत्रणा आरोपीला सामील आहे का, साक्षीदारांवर दबाव येईल किंवा फिर्यादीच्या जिवाला धोका होईल असं दाखवणारं काही हाती आहे का, वातावरण धार्मिक तेढीनं तापलं आहे का, कुणी न्यायाच्या कामात ढवळाढवळ करतंय का, आणि खटला हलवला तर दोन्ही बाजूंना व साक्षीदारांना किती त्रास होईल. या कसोट्यांचा सगळा रोख न्यायाधीशाच्या हेतूपेक्षा भोवतालच्या परिस्थितीवर आहे. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

ही परिस्थिती म्हणजे काय, ते सोनईच्या खटल्यात दिसतं. नगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातल्या सोनईत १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. खटला त्या भागात न चालवता नाशिकला हलवला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना दोषी ठरवलं. त्याच नगर जिल्ह्यात खर्ड्याच्या नितीन आगेच्या हत्येचा खटला जिल्ह्यातच चालला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. या दोन उदाहरणांवरून नियम काढता येणार नाही. पण ज्या गावात रोज राहायचं, ज्यांच्या शेतावर मजुरीला जायचं, त्यांच्याविरुद्ध पिंजऱ्यात उभं राहायचं म्हणजे काय, हे कळायला ती पुरेशी आहेत.

म्हणून अर्जात 'आम्हाला न्यायाची खात्री नाही' हे वाक्य दहा वेळा लिहून उपयोग नसतो. अमुक तारखेला कोर्टाच्या आवारात साक्षीदाराला कुणी अडवलं, काय बोललं, त्याची तक्रार कुठे दिली, हे प्रतिज्ञापत्रावर हवं. कोर्टाच्या दैनंदिन नोंदीची, म्हणजे रोजनाम्याची, प्रमाणित प्रत हवी. जामीन नाकारला किंवा तारीख वाढवून दिली नाही, हे पक्षपाताचे पुरावे नव्हेत. त्यासाठी वरच्या कोर्टात दाद मागायची असते. अर्ज उगाच त्रास द्यायला केला असेल तर विरोध करणाऱ्याला भरपाई द्यावी लागू शकते. जुन्या कायद्यात उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातल्या अर्जांसाठी तिला हजार रुपयांची मर्यादा होती, नव्यात तिथे ती उरलेली नाही. भीती एखाद्या साक्षीदारापुरतीच असेल तर त्याच्या संरक्षणाची मागणी हा जवळचा मार्ग आहे. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो.

'थेट हायकोर्टात जाऊ' असंही सर्रास म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्याच एका न्यायालयातून दुसऱ्यात खटला न्यायचा असेल तर आधी सत्र न्यायाधीशांकडे जावं लागतं, तिथे नकार मिळाला तर उच्च न्यायालय. साताऱ्याला किंवा मुंबईला न्यायचा असेल तर उच्च न्यायालयच, आणि राज्याबाहेर न्यायचा असेल तर सर्वोच्च न्यायालय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही कलमं अनुक्रमे ४४८, ४४७ आणि ४४६ आहेत. अर्ज आरोपी, फिर्यादी, सरकार असा कुणीही हितसंबंधित करू शकतो. नुसता अर्ज दाखल झाल्यानं मूळ खटला थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

पुण्यातल्या वर्तमानपत्रांच्या वाचकांचा सर्वाधिक गोंधळ तपास आणि खटला यांत होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येचा तपास २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिला, पण खटला पुण्यातच चालला आणि १० मे २०२४ रोजी निकालही इथेच लागला. एल्गार परिषदेचा गुन्हा विश्रामबाग पोलीस ठाण्यात नोंदला गेला होता. जानेवारी २०२० मध्ये तो एनआयएकडे गेला आणि पुढच्याच महिन्यात खटला मुंबईच्या विशेष न्यायालयाकडे. मात्र त्यामागे एनआयए कायद्यातली विशेष न्यायालयाची तरतूद होती, पक्षपाताची तक्रार नव्हे. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात पाटण्याचा गुन्हा मुंबईला वर्ग करा, अशी रिया चक्रवर्तीची मागणी होती. खटले वर्ग करण्याच्या अधिकारात तपास वर्ग करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं.

खटला हलला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं, हेही खरं नाही. नोंदलेला पुरावा पुढच्या न्यायालयात ग्राह्य राहतो. गुजरातेतला बेस्ट बेकरी हत्याकांडाचा खटला मुंबईत नव्यानं चालला, कारण त्यातला आधीचा निर्दोष मुक्ततेचा निकालच रद्द झाला होता. आणि खटला हलला म्हणजे शिक्षा ठरलेली, हे तर अजिबातच नाही. सोहराबुद्दीन शेख प्रकरण २०१२ मध्ये गुजरातेतून मुंबईला आलं आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्व २२ आरोपी निर्दोष सुटले.

एक परिणाम मात्र कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. बिल्किस बानो खटला २००४ मध्ये गुजरातेतून मुंबईला वर्ग झाला आणि २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात सरकारनं त्यांना शिक्षामाफी देऊन सोडलं. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रातल्या न्यायालयानं दिली होती, त्यामुळे माफीचा निर्णय घ्यायचा अधिकार गुजरात सरकारला नव्हता, तो महाराष्ट्र सरकारचा होता. दोन आठवड्यांत तुरुंगात हजर व्हा, असा आदेश त्या अकरा जणांना मिळाला.