घरचा स्टिरिओ (भाग ५) : वायर बदलली की आवाज बदलतो?

स्पीकरची जागा गेल्या आठवड्यात ठरली. आता वायर. या विषयावर शौकीन मंडळी हमरीतुमरीवर येतात, म्हणून आधी आकडे.

अँप्लिफायरपासून स्पीकर ५ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तांबं १० मीटर. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरचा रेझिस्टन्स तेवढ्या लांबीत साधारण ०.०८ ओहम भरतो, ०.५ चौरस मिलिमीटरचा ०.४. आठ ओहमच्या स्पीकरवर पहिलीत आवाज ०.१ डेसिबलच्या आसपास घटतो, दुसरीत ०.४. घोळ इथेच होतो. किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘छान’ वाटतो. म्हणून तुलनेआधी टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने दोन्ही वायरींचं व्होल्टेज सारखं करून घ्यावं.

दुसरी अडचण स्मरणाची. बारीक फरक कानात काही सेकंदच टिकतो. काल ऐकलेली वायर आणि आजची यांची तुलना व्यर्थ. तुलना कशी करावी याचा धडा आमच्या समुद्राकाठच्या नागावपासून जवळच आहे: अलिबागला १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याची मोजमापं तिथे न्यावी लागली. पण संचालक नानाभाई मूस यांच्या काळात कुलाब्याचं काम लगेच थांबलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी झाल्या. जुनं-नवं ताडून बघायचं तर असं. आपल्याला सिलेक्टर स्विच पुरे.

स्विच दुसऱ्याने फिरवायचा, नाणं उडवून, आणि ऐकणाऱ्याला दिसेल अशा जागी बसायचं नाही. चेहराही चुगली करतो! दहापैकी सात उत्तरं बरोबर आली म्हणून हुरळू नका. नुसत्या अंदाजानेही सात किंवा जास्त जुळण्याची शक्यता १७ टक्के असते. नऊ किंवा जास्त जुळण्याची मात्र जेमतेम १ टक्का. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ मध्ये अशी न दाखवता ऐकवण्याची चाचणी घेतली. गाणं लावल्यावर महागडी केबल आणि टेबललॅम्पची साधी वायर ऐकणाऱ्यांना खात्रीने वेगळी सांगता आली नाही.

मग वायरीने आवाज कधीच बदलत नाही? नागावात बदलतो. खाऱ्या हवेत वाडीतल्या घरी तांब्याच्या उघड्या टोकांना कळंक चढतो, पेच सैल असेल तर खरखर सुरू होते, कधी एक बाजू बंदच पडते. अशा वेळी नवी केबल जोडली की आवाज ‘खुलतो’ आणि श्रेय किमतीला जातं. खरं काम ताज्या सोललेल्या टोकांनी केलेलं असतं.

तेव्हा पावसाळा संपला की अँप्लिफायर बंद करा, हिरवी पडलेली टोकं छाटा, नवं तांबं सोलून पेच घट्ट आवळा. एवढं करूनही महागडी केबल दहापैकी नऊ वेळा ओळखता आली, तरच पाकिटाला हात घाला.