जुन्या धर्मचित्रांतील ‘उडत्या तबकड्या’



दि. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, अकोला-बुलढाण्यापासून चंद्रपूरपर्यंत अनेकांनी आकाशातून जळत जाणारे प्रकाशगोळे पाहिले. कोणी त्यांना उल्का म्हटले, कोणी उडती तबकडी. पुढे सिंदेवाही तालुक्यात धातूचे भलेमोठे कडे सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे खगोलतज्ज्ञांनी सांगितले. अनोळखी वस्तू दिसली की मन तिला आपल्या ओळखीचे नाव देते.

युरोपातील जुन्या धर्मचित्रांविषयीही असेच घडते. त्यांत परग्रहावरील याने रंगविली आहेत, असे सांगणारी छायाचित्रे मोबाइलवर फिरतात आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले विचारतात, “फादर, हे खरे आहे काय?”

कार्लो क्रिवेल्ली यांचे १४८६ मधील चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आकाशातील तबकडीतून निघालेला किरण मरियामातेच्या मस्तकावर पडतो, असे भासते. मूळ चित्र जवळून पाहिले असता ती तबकडी नसून ढगांचे कडे आहे व त्यात देवदूतांचे चेहरे आहेत, हे दिसते. किरणाच्या टोकाशी कबुतर, म्हणजे पवित्र आत्मा आहे. प्रसंग गब्रिएल दूताच्या संदेशाचा आहे.

फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोमधील १५ व्या शतकातील चित्रात मरियेच्या मागे एक मनुष्य डोळ्यांवर हात धरून तेजस्वी आकृतीकडे पाहतो. सोबतचा कुत्राही वर पाहतो. तो मेंढपाळ आहे. ख्रिस्तजन्माची वार्ता मेंढपाळांना मिळाली, तो लूकच्या शुभवर्तमानातील (२:८-१४) प्रसंग येथे तेजोमय मेघाच्या रूपाने दाखविला आहे.

माँताल्चिनो येथील सालिंबेनी यांच्या सुमारे १६०० च्या चित्रात देवपिता व देवपुत्र यांच्यामध्ये एक गोल आहे. १९५७ च्या ‘स्पुटनिक’ उपग्रहाशी त्याचे साम्य लोकांना दिसते. वस्तुतः तो गोल म्हणजे परमेश्वराने निर्मिलेले विश्व, आणि ‘अँटेना’ म्हणजे दोघांच्या हातांतील राजदंड. प्रागच्या बाळ येशूच्या हातातही असाच, क्रूस असलेला गोल असतो. त्याच्या तसबिरी तर आपल्या घरोघरी आहेत.

परग्रहावर जीवसृष्टी असेल काय, हा प्रश्न वेगळा आहे. ख्रिस्तसभेला त्याचे भय नाही. व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर होसे गाब्रिएल फुनेस यांनी २००८ मध्येच सांगितले होते की, अशी शक्यता मानण्याने श्रद्धेला बाध येत नाही. परंतु या चित्रांत त्याचा पुरावा नाही.

ज्या काळी सामान्य भाविकांना वाचता येत नव्हते, त्या काळी भिंतीवरील चित्र हेच त्यांचे शुभवर्तमान होते. मेघ, किरण, कबुतर आणि गोल ही त्याची अक्षरे त्यांना ठाऊक होती. आज आपण साक्षर आहोत. पण ती अक्षरे विसरलो, तर आपल्याच वेदीवरील चित्रे आपल्याला मुकी होतील. म्हणून मुलांनी विचारले असता त्यांना रागावू नका. संपूर्ण चित्र त्यांच्यासमोर ठेवा, प्रसंग कोणता ते ओळखा आणि मग पवित्र शास्त्र उघडून तो त्यांच्यासोबत वाचा.