मुंगसाच्या तोंडून सुटलेली कोंबडी

कोंबडी मुंगसाच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडून सुटली की अंगणात दोनच सल्ले मिळतात. एक, 'हळद भर, होईल बरी.' दुसरा, 'आत्ताच सुरी फिरव, नाहीतर वाया जाईल.' दोन्ही सल्ले जखम न बघताच दिलेले असतात.

जखम सहज दिसतही नाही म्हणा. उठून चालू लागली, रक्त नाही, म्हणजे वाचली असं समजून तिला परत खुराड्यात सोडतात आणि तिसऱ्या दिवशी ती मेलेली सापडते. ज्याची शिकार होते तो पक्षी दुखणं लपवतो. कुत्र्याचे सुळे पिसांतून आत जातात तेव्हा वर दोन बारीक भोकं राहतात, आत मात्र कातडी मांसापासून सुटलेली असते.

'भेदरलीय, चोचीत पाणी घाल.' अजिबात घालू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं पाणी तिकडे जाऊ शकतं. वाटी समोर ठेवावी, पिईल तेव्हा पिईल. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं काही मिनिटं दाबून धरा. दीड किलोच्या गावठी कोंबडीत सगळं मिळून रक्त जेमतेम १०० ते १२० मिलिलिटर असतं. मग खोक्यात गोणपाट अंथरून तिला अंधारात, उबेला, शांत ठेवा. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे आपल्याला बरा वाटणारा गारवा तिला सोसत नाही.

जरा सावरली की उजेडात घ्या. पाठ, शेपटीचं मूळ, पंखांखालची बाजू इथली पिसं फुंकर मारत बाजूला करा. जिथे पिसं चिकटलेली, तिथे भोक. धरताना छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा पोट आणि छातीमधला पडदा नसतो, छातीचं हाड हललं तरच तिचा श्वास चालतो. कातडीखाली हवेचा फुगा दिसला आणि तो बोटाखाली चुरचुरला, तर आतली हवेची पिशवी फाटलेली असू शकते. ते काम डॉक्टरांचं.

आता हळद. तिच्यात जंतूंना रोखणारे घटक आहेत हे खरं, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि खोल भोकात ठासली की घाण आतच राहून वर खपली धरते. चुना, तंबाखू, रॉकेल यांची तर गोष्टच नको. फिनेल फरशीसाठी असतं. भरपूर धुणं हाच अर्धा इलाज आहे: लिटरभर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ घाला आणि सुई काढलेल्या सिरिंजने भोकात धार सोडा. नंतर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. भोक शिवून बंद करण्याचा उत्साह आवरा.

दोन-तीन दिवसांनी कातडी हिरवी पडते आणि घरात 'सडली, सडली' सुरू होतं. बहुतेकदा तो मुका मार असतो. साकळलेलं रक्त मोडताना आपल्या शरीरात आधी हिरवं आणि मग पिवळं द्रव्य तयार होतं. कोंबडीत हिरव्याचं पिवळं फारसं होतच नाही. सडणं ओळखायचं ते काळ्या रंगावरून आणि वासावरून. उलट 'पू नाही, म्हणजे जखम चांगली' यावर मात्र विसंबू नका. कोंबडीचा पू वाहत नाही. तो पातळ करणारं विकर तिच्या पेशींत नसतं, म्हणून तो उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखा घट्ट पिवळा गोळा होऊन बसतो. हाताला गाठ लागली तर पिळत बसू नका, तो तसा निघत नाही.

मांजर किंवा रानमांजर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिच्या दातांवरचे जंतू झपाट्याने पसरतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना दूर असेल तर १९६२ हा फिरत्या पथकाचा क्रमांक आहे. घरातली दुखण्याची गोळी चुरून देऊ नका. गिधाडांचा घास घेतलेलं डायक्लोफेनॅक कोंबडीच्याही मूत्रपिंडांना घातक आहे. जनावरांसाठी त्याच्यावर २००६ पासून बंदी आहे.

'कुत्रा चावला, आता ही पिसाळणार' ही भीती अनाठायी. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग. जपायचं ते स्वतःला: पिसांवर कुत्र्याची ताजी लाळ असते, तेव्हा हातमोजे घाला. हाताला जखम असून लाळ लागली तर साबणाने १५ मिनिटं धुवून डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात खोक्यावर मच्छरदाणीचं कापड हवंच, कारण माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात. जखमेची लाली जाईपर्यंत तिला कळपात सोडू नका. लाल दिसलं की बाकीच्या टोचतात, मग ती सख्खी बहीण का असेना.

अँटिबायोटिक चालू असताना, आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, तिची अंडी खायची नाहीत. तशीही धक्क्याने ती काही आठवडे अंडी थांबवते. खुडूक झाली समजून तिला पाण्यात बुडवू नका.