पत्ता चुकला, पत्र पोहोचलं

नोव्हेंबर २०१४. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला होणाऱ्या जी-२० शिखर परिषदेची तयारी शेवटच्या टप्प्यात होती. इमिग्रेशन विभागातल्या एका कर्मचाऱ्यानं परिषदेला येणाऱ्या देशोदेशींच्या ३१ नेत्यांची माहिती एका मेलमध्ये भरली. त्यात प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा तपशील असं सगळं होतं. ओबामा, पुतिन, मर्केल आणि आपले पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचीही नावं त्या यादीत होती. पत्त्याच्या रकान्यात संगणकानं आपणहून एक नाव पुढे केलं. ते न तपासताच ‘सेंड’ दाबलं गेलं आणि मेल पोहोचला एशियन कप फुटबॉल स्पर्धेच्या आयोजन समितीतल्या एका व्यक्तीकडे. ही चूक त्या नेत्यांना कळवायची नाही, असं विभागानं ठरवलं. मार्च २०१५ मध्ये ‘गार्डियन’नं बातमी छापली, तेव्हा ती जगाला समजली.

त्या दिवशी एकही सर्व्हर बंद पडला नव्हता. मेल झटकन गेला आणि दिलेल्या पत्त्यावर बिनचूक पोहोचला.

मेलचे घोटाळे दोन प्रकारचे असतात. एकात पत्र पोहोचतच नाही, दुसऱ्यात ते भलत्याच माणसाकडे पोहोचतं. आपली चिडचिड बहुतेक वेळा पहिल्यावर होते. माणसांचं खरं नुकसान मात्र दुसरा प्रकार करतो. असं का, हे समजायला मेलचा प्रवास पाहावा लागतो.

अमेरिकी अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर मेल पाठवला आणि माणूस व यंत्र यांच्या नावांमध्ये ‘अ‍ॅट’चं चिन्ह घातलं. मेल एकमेकांना कसा सोपवायचा, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. आजची यंत्रणा त्याच पायावर उभी आहे. तिची चाल टपालासारखीच, टप्प्याटप्प्याची आहे. आपला सर्व्हर पुढच्या सर्व्हरचं दार वाजवतो, या नावाचं कुणी तुमच्याकडे आहे का असं विचारतो आणि होकार आला की पत्र सोपवतो.

नकार मात्र दोन तऱ्हांचे असतात आणि ते आकड्यांत येतात. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नको, थोड्या वेळानं या’. पाचनं सुरू होणारा म्हणजे साफ नाही. पहिलं उत्तर मिळालं तर सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा जाऊन बघतो. दोन खेपांमध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि निदान चार-पाच दिवस हार मानू नये, असं सध्याचे नियम सांगतात. नकार कळवायला ‘मेलर-डेमन’ या नावानं येणारं इंग्रजी पत्र बरेच जण न वाचताच पुसून टाकतात. त्यातला हा एक आकडा पाहिला तरी पुष्कळ उलगडा होतो. ५५० असेल तर बहुधा पत्ताच चुकलेला असतो. चारचा आकडा असेल तर धीर धरावा, कारण सर्व्हरचे प्रयत्न अजून चालू असतात. तोच मेल घाईनं तीनदा पाठवला, तर समोरच्याला तो तीनदा मिळतो.

सर्व्हरच्या बिघाडांमधला सर्वांत विलक्षण किस्सा ट्रे हॅरिस यांनी २००२ मध्ये सांगितला. हॅरिस नॉर्थ कॅरोलिनातल्या एका विद्यापीठाची मेल यंत्रणा सांभाळत होते. एक दिवस संख्याशास्त्र विभागप्रमुखांचा फोन आला, “आमचे मेल पाचशे मैलांच्या पलीकडे जात नाहीत.” मेल अंतर मोजत नाही, हे हॅरिस यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी स्वतः पाठवून पाहिलं. ४२० मैलांवरच्या न्यूयॉर्कला मेल गेला, ५८० मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला गेला नाही. तक्रार अक्षरशः खरी होती. झालं होतं असं, की कुणीतरी त्या सर्व्हरची मूळ प्रणाली अद्ययावत केली आणि त्या भरात मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामची मात्र जुनी आवृत्ती बसली. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना जुनीला कळेनात. समोरच्या सर्व्हरची किती वेळ वाट पाहायची, या सूचनेची किंमत त्यामुळे शून्य झाली. शून्य वेळ थांबणारं ते यंत्र प्रत्यक्षात तीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त थांबत होतं. तेवढ्या वेळात प्रकाश किती दूर जातो, याचा हिशेब हॅरिस यांनी मांडला. उत्तर आलं ५५८ मैल.

१ जानेवारी २०२२ ला जगभरातल्या अनेक कार्यालयांचे मेल असेच एका आकड्यापायी अडकले. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमधली विषाणू तपासणारी यंत्रणा आपल्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून लिहीत असे. नवं वर्ष लागताच तो २२०१०१०००१ झाला. तो साठवायला राखलेल्या जागेत २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. तपासणी ठप्प झाली आणि मेल रांगेत साचत गेले. दुरुस्ती होताच रांग पुढे सरकू लागली.

मराठी माणसानं न पोहोचण्याचा आणखी एक प्रकार भोगला आहे. मेल यायचा, पण त्यातली मराठी यायची नाही. सुरुवातीची मेल यंत्रणा इंग्रजीची अक्षरं आणि मोजकी चिन्हं एवढंच वाहून नेत असे. १९९२ मध्ये ‘माइम’ नावाची पद्धत आली आणि चित्रं, फाइली, इतर लिप्या अक्षरांच्या मालिकेत गुंडाळून पाठवता येऊ लागल्या. या गुंडाळण्यात फाइल सुमारे एक तृतीयांशानं फुगते. मर्यादेत बसेल असं वाटणारा लग्नाच्या फोटोंचा मेल अडतो, त्याचं हेही एक कारण असतं. देवनागरीची अडचण मात्र एवढ्यानं सुटली नाही. युनिकोड रुळण्याआधीचे बहुतेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवत. पुण्यात श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र, तो फाँट नसलेल्या न्यू जर्सीच्या संगणकावर निव्वळ खुणांचा ढीग होऊन उघडायचं. म्हणून कितीतरी घरांनी परदेशातल्या मुलांना वर्षानुवर्षं रोमन लिपीत मराठी पत्रं लिहिली.

हे सगळे बिघाड त्रासाचे खरे. पण त्यांत पत्र अडतं, परत येतं किंवा वाचता येत नाही. म्हणजे काहीतरी चुकलंय, हे कळतं तरी.

आता दुसरा प्रकार. १४ नोव्हेंबर २०१६ ला ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणी मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार जणांना गेला. ‘माझं नाव या यादीतून काढा’ असं अनेकांनी कळवलं आणि ते ‘रिप्लाय ऑल’ करून कळवलं. असे मेल थांबवा, हे सांगणारेही सगळ्यांनाच उत्तर देत होते. सव्वा तासात सुमारे ५० कोटी मेल यंत्रणेत फिरल्याच्या बातम्या आल्या. यंत्रणा मंदावली आणि कामाचे मेल खोळंबले.

एका अक्षराची चूक तर वर्षानुवर्षं चालू राहू शकते. अमेरिकी लष्कराच्या पत्त्यांचा शेवट ‘एमआयएल’नं होतो, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या पत्त्यांचा ‘एमएल’नं. मधला ‘आय’ राहिला की पत्र मालीच्या वाटेला लागतं. मालीच्या पत्त्यांची व्यवस्था पाहणारे डच उद्योजक योहान्स झुरबियर यांनी २०२३ च्या जानेवारीपासून असे मेल गोळा केले. जुलैपर्यंत ते सुमारे १ लाख १७ हजार झाले. त्यांत वैद्यकीय नोंदी होत्या आणि एका लष्करप्रमुखाच्या दौऱ्यातले हॉटेलच्या खोल्यांचे क्रमांकसुद्धा.

आपल्याकडे एकाच नावाची, एकाच आडनावाची माणसं गावोगाव भेटतात, त्यामुळे हा धोका घरापर्यंत येतो. नावात एक टिंब घातलं की जीमेलचा पत्ता वेगळा होतो, असा अनेकांचा समज आहे. जीमेल टिंब मोजतच नाही. टिंबासह आणि टिंबाशिवाय पत्ता एकच, खातं एकच. म्हणून फॉर्मवर अंदाजानं लिहिलेल्या पत्त्यामुळे कुणाचा तरी रक्ततपासणीचा अहवाल त्याच्या नामबंधूच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो.

सर्वांत गंभीर चूक मात्र रकान्याची. काबूल तालिबानच्या हाती पडल्यानंतर, २० सप्टेंबर २०२१ ला, ब्रिटिश संरक्षण मंत्रालयानं सुटकेची वाट पाहणाऱ्या अफगाण नागरिकांना मेल पाठवला. पत्ते ‘बीसीसी’मध्ये झाकायचे होते, ते ‘टू’मध्ये गेले. २४५ जणांचे पत्ते सगळ्यांना दिसले, ५५ जणांचे छोटे फोटोही दिसले. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ केलं आणि त्यातल्या एकानं आपण कुठे आहोत हेही लिहिलं. हे पत्ते तालिबानच्या हाती लागले असते, तर जिवावर बेतलं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला.

असा मेल मागे घेता येत नाही. आउटलुकची ‘रिकॉल’ सोय एकाच संस्थेच्या यंत्रणेत चालते, बाहेर गेलेल्या मेलवर तिचा इलाज नाही. जीमेलचं ‘अनडू’ म्हणजे पाठवण्याआधी ठरावीक सेकंद मेल रोखून धरणं. सेटिंगमध्ये जाऊन ही मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती आजच वाढवा. मेल आधी पूर्ण लिहा, फाइल जोडा आणि पत्ता सगळ्यांत शेवटी भरा. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांना एकत्र लिहिताना पत्ते ‘बीसीसी’तच ठेवा.

आणि दुसऱ्या कुणाचा मेल आपल्याकडे आला, तर नुसता पुसून टाकू नका, पाठवणाऱ्याला एक ओळ कळवा. ब्रिस्बेनच्या त्या मेलची चूक विभागाच्या लक्षात आली, ती फुटबॉल समितीतल्या त्या व्यक्तीनं अशी एक ओळ उलट पाठवली म्हणूनच.