बिबट्या गेकोचे वजन आणि शरीरस्थिती

पाळीव सरीसृपांमध्ये बिबट्या गेको हा आज जगभर प्रयोगशाळांत आणि घरांतही ठेवला जाणारा प्राणी आहे. त्याचे शास्त्रीय नाव यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस असून १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारत येथील रुक्ष, खडकाळ प्रदेश हे त्याचे मूलस्थान होय. हा प्राणी आजार फार काळ दडवून ठेवतो. त्यामुळे त्याच्या प्रकृतीची परीक्षा करताना वजन हेच सामान्यतः पहिले साधन ठरते. परंतु त्या वजनाचा अर्थ लावण्यात पुष्कळदा गफलत होते.

नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचे वजन सुमारे ३ ग्रॅम असते. पूर्ण वाढलेली मादी साधारणतः ५० ते ७० ग्रॅम व नर ६० ते ८० ग्रॅम भरतो. निवड-प्रजननाने निर्माण केलेले काही मोठे वाण १०० ग्रॅमच्याही पुढे जातात. म्हणजे एकाच जातीत ही मर्यादा बरीच विस्तृत आहे. शिवाय शरीराचे प्रमाण तेच राहिले तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, तोंडाच्या टोकापासून अवस्करद्वारापर्यंत ११ सें.मी. लांबीचा एक प्राणी ५० ग्रॅम वजनाचा व सुदृढ आहे. त्याच बांध्याचा, पण केवळ एकदशांशाने अधिक लांब, म्हणजे १२.१ सें.मी. लांबीचा दुसरा प्राणी सुमारे ६६ ग्रॅम भरला पाहिजे. तो ५० ग्रॅमच भरला, तर कोष्टकातील मर्यादेत असूनही तो कृश आहे. यास्तव लांबीची नोंद नसेल, तर वजनाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. ही लांबी मोजताना शेपूट वगळावे. कारण ते तुटून पुन्हा उगवलेले असण्याचा संभव असतो.

शरीरस्थितीची खरी साक्ष मात्र शेपटीतच मिळते. रुक्ष प्रदेशात कीटकांची उपलब्धता ऋतुमानाप्रमाणे बदलते. म्हणून हा प्राणी सुबत्तेच्या काळात शेपटीत मेद साठवितो व टंचाईत तो खर्च करतो. सुदृढ प्रौढाच्या शेपटीचा सर्वांत रुंद भाग जवळजवळ मानेइतका रुंद असतो. शेपूट बारीक होऊन तिच्यातील मणके, तसेच कमरेची हाडे व फासळ्या वर दिसू लागल्या, की मेदाचा साठा संपत आला असे समजावे. याउलट शेपूट धडाइतके किंवा त्याहूनही जाड होणे, पोट जमिनीवर घासणे आणि पुढच्या पायांमागे मऊ फुगवटे दिसणे ही अतिमेदाची चिन्हे होत. तथापि एकट्या फुगवट्यांवरून निर्णय करू नये. अतिमेदामुळे यकृतात मेद साचतो. असा प्राणी अकस्मात उपाशी राहिल्यास शरीरातील मेद यकृताकडे लोटला जाऊन धोका वाढतो. म्हणून स्थूल प्राण्याचा आहार एकदम न तोडता हळूहळू घटवावा आणि मेदबहुल अळ्या प्रथम वगळाव्यात.

या नियमांनाही अपवाद आहेत. संकटात सापडलेला गेको शेपूट टाकून देतो. तिच्याबरोबर मेदाचा मोठा साठा जातो आणि वजन एकाएकी घटते. पुन्हा आलेले शेपूट आखूड, गुळगुळीत व फुगीर असते. ते मूळ शेपटीच्या मापाने तोलता येत नाही. गाभण मादीच्या पोटात बहुधा दोन अंडी असतात व त्वचेतून ती पांढुरकी दिसतात. अशा वेळी वाढलेले वजन हे मेदाचे लक्षण नव्हे. गिळलेली वाळू आतड्यात अडकून किंवा पोटात द्रव साचूनही वजन टिकून राहते, आणि त्याच वेळी शेपूट मात्र झिजत जाते. अशा प्रसंगी काट्यावर विसंबणारा पालक स्वस्थ राहतो आणि उपचाराची वेळ निघून जाते.

म्हणून एकाकी आकड्यापेक्षा नोंदींची मालिका अधिक मोलाची आहे. प्रौढाचे वजन दर महिन्याला व पिल्लाचे दर आठवड्याला, खाद्य देण्यापूर्वी, त्याच काट्यावर घ्यावे. प्रौढासाठी १ ग्रॅम अचूकतेचा काटा पुरतो. परंतु ३ ग्रॅमच्या पिल्लाच्या बाबतीत तेवढी चूक एक-तृतीयांश होते, म्हणून तेथे ०.१ ग्रॅम दाखविणारा काटा हवा. दहा टक्क्यांहून अधिक घट झाली, तर व्यवहारात ती धोक्याची खूण मानतात. हिवाळ्यात भूक मंदावते हे खरे. पण तेव्हा निरोगी प्राण्याची शेपूट फारशी आटत नाही. घट आढळल्यास प्रथम तापमान तपासावे. उबेच्या जागेचा पृष्ठभाग सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सियस नसेल, तर खाल्लेले पचत नाही. तापमान व आहार योग्य असूनही शेपूट काडीसारखी होत गेली, तर क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातील परजीवीचा संशय घेऊन विष्ठेची परीक्षा करावी. त्यावर खात्रीचा उपाय नसल्याने रुग्ण प्राणी त्वरित वेगळा ठेवणे हेच इतरांचे संरक्षण ठरते.

महाराष्ट्र व गुजरात येथे आढळणारी यूब्लेफॅरिस फस्कस ही याच प्रजातीतील निराळी व आकाराने मोठी जाती आहे. वर दिलेले वजनाचे आकडे तिला लावता येणार नाहीत. लांबी, शेपटीची जाडी व वजनातील बदल या तिन्हींचा एकत्र विचार करण्याची रीत मात्र तिलाही तितकीच लागू पडते.