विश्लेषण : वारली चित्रातला गेरू स्क्रीनवर का बदलतो? नव्या मॉनिटरचे ‘कॅलिब्रेशन’ कसे करावे?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली चित्रे आता मोबाइलवर फोटो पाहूनही विकत घेतली जातात. स्क्रीनवर तांबडालाल दिसलेला गेरू पार्सल उघडल्यावर मातकट निघाला, तर ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते आणि चित्र परत येऊ शकते. प्रत्यक्षात चित्रकाराची चूक नसते. अनेकदा दोष असतो तो फोटो सुधारताना वापरलेल्या मॉनिटरचा.

गेरूच्या बाबतीत अडचण जास्त का?

वारली चित्र परंपरेने गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढले जाई. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागद-कापडावर आणून जगभर पोहोचवले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तर २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. या चित्रात रंग मोजून दोन, गडद गेरू आणि पांढरा. चित्राचा बहुतेक भाग गडद असल्याने कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो. मग गेरू फिका पडतो आणि बारीक पांढऱ्या रेघा फुलतात. सगळीकडे तांबूस रंग दिसल्याने ‘ऑटो व्हाइट बॅलन्स’ तो कमी करू पाहतो. हे सारे नंतर संगणकावर दुरुस्त करावे लागते आणि तिथे डोळ्यांना आधार असतो फक्त मॉनिटरचा.

नवा मॉनिटर चुकीचा रंग का दाखवतो?

दुकानात उठून दिसावेत म्हणून अनेक मॉनिटर जास्त उजेड आणि निळसर पांढऱ्या रंगावर लावलेले असतात. निळसर पडद्यावर गेरू थंड दिसतो, म्हणून फोटो सुधारणारा त्यात तांबडा-पिवळा वाढवतो. तोच फोटो दुसऱ्या स्क्रीनवर नारिंगी दिसतो. पडदा फार उजळ असेल तर फोटो नकळत गडद केला जातो आणि छापल्यावर काळपट येतो.

कॅलिब्रेशन म्हणजे काय?

वाण्याचा तराजू प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात, तसेच मॉनिटरचा रंग ठरलेल्या मापाशी जुळवणे म्हणजे कॅलिब्रेशन. फोटोसाठी सर्वसाधारण मापे अशी : पांढरा रंग ६,५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि उजेड ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर. गॅमा म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा किती वेगाने उजळत जातात, याचे माप.

यंत्राशिवाय काय करता येईल?

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. ‘व्हिव्हिड’, ‘गेम’ असे मोड आणि रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद करून मेनूतील ‘एसआरजीबी’ किंवा ६,५०० केल्व्हिन हा पर्याय निवडावा. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून शेजारी साधा पांढरा कागद धरावा. पान दिव्यासारखे चमकत असेल, तर उजेड कमी करावा. त्यानंतर विंडोजमधील ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ ही सोय गॅमा, उजेड, कॉन्ट्रास्ट आणि रंगांचा तोल क्रमाने तपासून घेते. खिडकीचे ऊन पडद्यावर पडू देऊ नये.

यंत्राने काय फरक पडतो?

डोळा निळसर पांढऱ्यालाही थोड्या वेळात सरावतो, म्हणून नजरेच्या अंदाजाला मर्यादा आहे. ‘कलरीमीटर’ हे छोटे यंत्र पडद्यावर टेकवले की ते एकेक रंग मोजते. त्यावरून संगणक ‘आयसीसी प्रोफाइल’ ही दुरुस्तीची फाइल तयार करतो. त्यासाठी ‘डिस्प्लेकॅल’सारखे मोफत सॉफ्टवेअरही आहे. पडद्याचा रंग काळानुसार सरकतो, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी ही मोजणी पुन्हा करावी लागते. रोज लागणारी ही वस्तू नाही. त्यामुळे एका पाड्यातील चार-पाच चित्रकारांनी मिळून एकच यंत्र घेतले, तरी भागते.

ग्राहकाच्या मोबाइलचे काय?

त्याचा पडदा आपल्या हातात नाही. कोणाचा मोबाइल जास्त भडक असेल, कोणाचा पिवळसर. पण मूळ फोटोच नारिंगी असेल, तर प्रत्येक मोबाइलवर चूक आणखी वाढते. फोटो योग्य असेल, तर फरक त्या मोबाइलपुरताच राहतो. त्यासाठी फोटो ‘एसआरजीबी’ रंगपद्धतीत जतन करावा. १९९६ मध्ये पुढे आलेली ही पद्धत बहुतेक मोबाइल आणि संगणक ओळखतात.

फोटो काढताना चित्राच्या कडेला राखाडी कार्ड ठेवले, तर पांढऱ्याचा तोल नंतर त्यावरून लावता येतो. फोटो पाठवण्यापूर्वी मूळ चित्र खिडकीजवळच्या सावलीत, दिवसाच्या उजेडात ठेवून पडद्याशी ताडून पाहावे. चित्रातला गेरू आणि पडद्यावरचा गेरू जुळला, की मगच फोटो ग्राहकाकडे पाठवावा.